नान्नजला माळढोक अभयारण्यात सुट्टीत काम करता येईल का?

जुळे_सोलापूरची_आई:
मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात तिला आणि मैत्रिणींना नान्नजला झाडं लावायचीत. रोपांसाठी वर्गणीही काढली. परवानगी कुणाकडे मागायची? आणि माळढोक दिसेल का?

माळावरचा_म्हातारा:
ताई, रोपं आणली नसतील तर आणू नका. माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे ओ. माळढोकाला चौफेर नजर पोचावी लागते, अंडं घालतो ते थेट जमिनीवर, बहुधा एकच. अशा माळावर पूर्वी गिरिपुष्पाची झाडं लावून ठेवली. हिरवं दिसलं की आपल्याला बरं वाटतं, पक्ष्याला कोण विचारतंय!

1979 साली अभयारण्य झालं ते माळढोकासाठी, पण आता तो दिसेल या आशेवर पोरींना नेऊ नका. काळवीट दिसतील. नशिबात असेल तर लांडगा. आणि धाविक नावाचा पक्षी नक्की बघायला सांगा. तुरूतुरू पळतो, मध्येच ताठ उभा राहतो आणि थांबला की मातीत दिसेनासा होतो. दुर्बीण हातात असूनही शोधत बसावं लागतं.

काम मात्र भरपूर आहे. उन्हाळ्यात पाणवठ्यांत शेवाळ धरतं, ते घासून काढायचं. काठाला दगडांचा उतार रचायचा, म्हणजे आत पडलेलं पिल्लू वर येतं. हे सगळं वनरक्षक सोबत असतानाच. डब्यातली भाकरी-चटणी उरली तर घरी न्या. खरकट्यावर गावची कुत्री येतात आणि मग जमिनीवरची अंडी काही उरत नाहीत.

परवानगीसाठी कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करा आणि वन्यजीव विभागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना नेऊन द्या. फोनवर कुणी हो म्हणालं तरी पोच घ्या.

बार्शी_रोड:
काकांनी सांगितलं तेच. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून प्राणीगणना असते, त्याची चौकशी आधीच करून ठेवा. मातकट कपडे घाला, अत्तर-बित्तर नको. जखमी काळवीट दिसलं तर घरी आणायचं नाही बे, कायदा आडवा येतो. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन लावायचा.

जुळे_सोलापूरची_आई:
आभारी आहे. मुलगी जरा हिरमुसली, पण पाणवठ्यांना तयार आहे. वर्गणीचं काय करू? टँकरला देऊ का?

माळावरचा_म्हातारा:
रोख कुणाच्या हातात देऊ नका. जाड हातमोजे, तारेचे ब्रश आणि पोती घ्या. पोती प्लास्टिक गोळा करायला लागतील, रस्त्याकडेला लै पडलेलं असतं. पोरींना सकाळी उजाडताच पाठवा, अकरानंतर माळावर सावली मिळत नाही.