कागदी ग्लायडर नाक वर करून आपटतो, मुलांना कारण कसं दाखवू?

नमस्कार. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. सुट्टीत आमच्या वाड्यातल्या चौथी-सहावीच्या मुलांना घेऊन कागदी ग्लायडर करतेय. झेरॉक्सचा ए-फोर कागद, मधोमध उभी घडी, नाकाशी दुमडलेले कोपरे, रुंद पंख. पंखा बंद करून बाहेरच्या खोलीत उडवतो.

हातातून सुटला की थोडा सरळ जातो, मग नाक वर, क्षणभर जागीच थबकतो आणि धपकन खाली. जोरात फेकला तर आणखीनच. नाकाला यू-पिन लावली की सुधारतो. पिन काढून पंखांच्या मागच्या कडा किंचित खाली वळवल्या तरीही सुधारतो! मुलं विचारतात, मग खरं कारण कुठलं? "असंच असतं" म्हणून मला वेळ मारून न्यायची नाही. उत्तरायणात किन्ना (पतंगाला मांजा जोडायचा दोरा) जरा वरखाली बांधला की पतंग कसा वागेल हे ही मुलं अचूक सांगतात, त्यांना हेही कळेल. फक्त हाताने करून बघता आलं पाहिजे. आधी काय शिकवू?

प्रतिसाद
ताई, आधी वजन. नाक फार वर गेलं की वेग मरतो, हवा पंखाला धरून वाहत नाही आणि उचल जाते. हा स्टॉल. जर्मनीचा लिलिएंथाल अंग पुढेमागे झुकवून ग्लायडरचा तोल राखायचा, तीच तुमची यू-पिन. १८९६मध्ये त्याचा ग्लायडर असाच नाक वर होऊन कोसळला आणि तो गेला. राइट बंधूंनी आपल्या ग्लायडरला नाक वरखाली करणारा वेगळा आडवा पंख दिला, ते तुमच्या कडांचं काम.

गुरुत्वमध्य (ग्लायडर जिथे बोटावर तोलतो ती जागा) मागे असेल तर कडा वळवून एखादी फेरी सरळ जाईल, पण जरा झुळूक लागली की पुन्हा तेच. मुलांना ग्लायडर बोटावर तोलायला सांगा, तोलेल तिथे पेन्सिलीची खूण. पिन लावून परत तोला, खूण पुढे सरकलेली दिसेल. नाक थोडं जडच ठेवा आणि मग मागच्या कडा केसभर वर वळवा. वर, खाली नाही. त्याने शेपटाकडची बाजू दाबली जाते, जड नाक सावरलं जातं आणि झुळुकीने नाक हललं तरी ग्लायडर आपणहून ताळ्यावर येतो.

धागाकर्ती
मनापासून आभार! खुणेची कल्पना फारच आवडली, उद्या सकाळीच करतो. आणखी एक: काहींचे ग्लायडर एका कुशीवर वळत जातात. दोन्ही कडा सारख्या वळलेल्या दिसतात. पंख मागून पाहिल्यावर किंचित वर उचललेले हवेत का?