‘लीगल गार्डिंग पोझिशन’मध्ये ‘स्थिर’ कुठून आलं?

पंच परीक्षेसाठी फिबाचं (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचं) नियमपुस्तक वाचतोय, कलम ३३ वर गाडी अडकली. आमच्याकडे जे मराठी टिपण फिरतं त्यात ‘लीगल गार्डिंग पोझिशन’ म्हणजे ‘स्थिर बचावस्थिती’ असं दिलंय. मैदानावर पण तेच, डिफेन्डर जरा हलला की बाकड्यावरून ओरडा सुरू, हलत होता सर, ब्लॉकिंग (म्हणजे वाट अडवल्याचा डिफेन्डरचा फाउल)! पण मूळ मजकुरात हलायचं नाही असं कुठेच दिसेना. कोणी सांगेल का?

----

बरोबर वाचताय. इथे पोझिशन म्हणजे जागा, ‘जागा धरली’ मधली. अटी दोनच, तोंड समोरच्याकडे आणि दोन्ही पाय जमिनीवर. आणि त्यातला ‘इनिशियल’ (सुरुवातीची) हा शब्द बघा, सगळी मेख तिथे आहे, म्हणजे या अटी जागा धरायच्या क्षणापुरत्या, एकदा धरली की ती राखायला तो बाजूला सरकेल, मागे जाईल, सरळ वर उडी मारेल, सरकताना क्षणभर पाय सुटले तरी चालतं. फक्त बॉलवाल्याच्या अंगावर पुढे यायचं नाही. आणि धडक धडावर बसायला हवी, गुडघा आडवा घातला असेल तर खुशाल ब्लॉकिंग द्या. ‘स्थिर’ मजकुरात आहे, नाही असं नाही, पण ‘मे’ लावून आहे, स्थिर राहू शकतो. टिपणवाल्याने त्याचं ‘राहिलंच पाहिजे’ करून टाकलं.

----

‘जागा’ म्हटलं की आमची पोरं एका फरशीवर खांब होऊन उभी राहतात हो. मी सरळ ‘आडवा आला’ म्हणतो, लगेच कळतं.

----

कळतं खरं, पण पाठमोरा आला तरी ‘आडवा’च ना? तोंड कुठे होतं ते त्यात येत नाही आणि शिट्टी त्याच्यावरच ठरते.

----

हे पटलं. पण मग अगदी शेवटच्या क्षणी समोर आला तर बॉलवाल्याने थांबायचं कसं, त्याला काही अंतर नको का?

----

नको. हातात बॉल आहे म्हणजे कोणीही कधीही समोर येणार हे त्याने धरूनच चालायचं, तिथे वेळ-अंतर मोजत नाहीत. ज्याच्याकडे बॉल नाही त्याला मात्र थांबायला किंवा वळायला वाव द्यावा लागतो, अंतर वेगाप्रमाणे, पण एक पावलापेक्षा कमी नाही. (लोक नेमकं उलटं समजतात.) आणि समोरचा हवेत गेला की हिशोबच बदलतो, तो उडायच्या आधी जागा धरलेली हवी, नंतर खाली शिरलात तर फाउल तुमचाच. बास्केटखाली १.२५ मीटर त्रिज्येचा अर्धगोल असतो, उडून आलेला शूट करताना किंवा पास देताना धडकला आणि डिफेन्डरचा एक पाय जरी त्या रेषेवर असला तरी चार्जिंग (धडकणाऱ्याचा फाउल) देत नाहीत, अर्थात उडून आलेल्याने हात-पाय गैर वापरले नसतील तर. ड्रायव्ह आला, म्हणजे कोणी बॉल घेऊन बास्केटकडे घुसला, की आधी डिफेन्डरचे पाय बघा.