एसव्हीएम बंद करण्याआधी मशीन कधी अडकतं ते बघा

मशीन मध्येच हँग होत असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एसव्हीएम, म्हणजे एएमडी प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय, बंद करा, असा सल्ला बरेचदा मिळतो. थांबेलही, पण मग व्हर्च्युअलबॉक्समधलं (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) ६४ बिट लिनक्स सुरूच होणार नाही. दात दुखतो म्हणून जबडा काढण्यातला प्रकार. काम चालू असताना मशीन ठणठणीत, आणि नुसतं सोडून चहाला गेलं की पडदा गोठलेला, लॉगमध्ये एक ओळ नाही, असं असेल आणि प्रोसेसर पहिल्या पिढीचा रायझन असेल, तर संशय प्रोसेसरच्या सी-६ या झोपेच्या अवस्थेवर घ्या. बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' ऑटोवरून 'टिपिकल करंट आयडल'वर न्या. बऱ्याच बोर्डांवर ते 'एएमडी सीबीएस' या मेनूच्या आत दडलेलं असतं. वीज थोडी जास्त जाते, एवढंच. पर्याय दिसतच नसेल तर आधी बायोस अपडेट करा. आणि फक्त गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सच्या आतलं लिनक्स, रखडत असेल, त्याच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसत असेल, तर तो हायपर-व्हीचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन सोयीचा, घोळ आहे. विंडोजमधली तिच्यावर चालणारी 'मेमरी इंटेग्रिटी' ही सुरक्षा सेटिंग बंद करून रीस्टार्ट करा.

आपल्याकडे आणखी एक भानगड. पावसात वीज दोन-दोन दिवस जाते, तेवढा वेळ बोर्डवरचा सीआर २०३२ सेलच सेटिंग धरून असतो. तो उतरला की बायोस मूळपदावर: एसव्हीएम बहुधा बंद, आयडल कंट्रोलही परत ऑटोवर, म्हणून हँग परत सुरू. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे गेलेलं दिसलं तर सेलला मल्टिमीटर लावा. ३ व्होल्टच्या सेलवर २.७ च्या खाली आकडा आला तर तो बदला, मगच सेटिंगला हात घाला.