मदत हवी आहे: जठराला गती देणारे औषध आणि पित्ताशयाचे आकुंचन

सर्वांना नमस्कार.

माझी आई ६४ वर्षांची असून तिला १९ वर्षांपासून मधुमेह आहे. दिवाळीपासून चार घास खाल्ले तरी तिचे पोट गच्च होते आणि सकाळी उलटी झाली, तर तिच्यात रात्रीच्या भाताची शिते जशीच्या तशी असतात. मधुमेहामुळे जठर संथ रिकामे होते, असे निदान झाले आहे. जठराला गती देणाऱ्या डॉमपेरिडोनने विशेष उतार पडला नाही, म्हणून डॉक्टरांनी ते बंद करून त्याच कामासाठी अल्प मात्रेत एरिथ्रोमायसिन (एक प्रतिजैविक) सुचवले आहे.

माझी काळजी पित्ताशयाची आहे. सोनोग्राफीत तिथे गाळ आणि ४ मिलिमीटरचे दोन खडे दिसले. उपाशीपोटी मापे ९.२, ३.४ आणि ३.२ सेंटिमीटर होती. त्यांच्या गुणाकाराला ०.५२ने गुणले की आकारमान सुमारे ५२ मिलिलिटर येते. तूप घातलेले दूध प्यायल्यावर पाऊण तासाने तेच ४४ मिलिलिटर भरले, म्हणजे जेमतेम १५ टक्के पित्त बाहेर पडले.

माझ्या वाचनाप्रमाणे, जेवणातील स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचले की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते, त्याने पित्ताशय आवळते आणि पित्तनलिकेच्या मुखाशी असलेली झडप सैल होते. जठरच रेंगाळले, तर हा इशाराही उशिरा पोहोचणार, आणि मधुमेहाने व्हेगस (मेंदूकडून पोटातील अवयवांकडे जाणारा) मज्जातंतू दुबळा झालेला असेल, तर स्नायूचा प्रतिसादही मंदावणार. एरिथ्रोमायसिनचा मार्ग मात्र वेगळा आहे. ते मोटिलिन या संप्रेरकाची नक्कल करते, आणि मोटिलिन उपाशीपोटीही पित्ताशयाला अंशतः रिकामे करत असते. त्यामुळे या औषधाने जठराबरोबर पित्ताशयही आकुंचन पावते, जे गाळ साचू न देण्याच्या दृष्टीने मला हिताचे वाटते. परंतु हेच आकुंचन एखादा लहान खडा नलिकेत ढकलून कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह ओढवेल का, या विचाराने मी अडून बसले आहे.

पोटविकारतज्ज्ञांनी, किंवा ज्यांच्या घरी खडे असताना हे औषध दिले गेले आहे अशा वाचकांनी, कृपया सांगावे: अशा वेळी आधी पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला जातो का, की औषध सुरू करून ठरावीक काळाने पुन्हा सोनोग्राफी केली जाते? ४ मिलिमीटरचा खडा मोठ्या खड्यापेक्षा अधिक धोक्याचा मानावा का?

आई कोलेस्टेरॉल कमी करणारे ॲटोर्व्हास्टॅटिनही घेते. एरिथ्रोमायसिनमुळे त्याची रक्तातील पातळी वाढून स्नायूंना इजा होऊ शकते, शिवाय हे औषध हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते, म्हणून ईसीजी करून घेतला आहे. (जठराला गती देणारे दुसरे एक औषध, सिसाप्राइड, लयबिघाडामुळेच २००० साली अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतले गेले.)

गुरुवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. तोवर नवी गोळी सुरू केलेली नाही आणि आईला दिवसातून सहा वेळा थोडी थोडी मऊ पेज देत आहे.