मदत हवी आहे : दहीभाताशिवाय न जेवणाऱ्या चिंगीला गोळी कशी देऊ?
आमची कुत्री चिंगी पॉमेरेनियन आणि गावठी यांची मिश्र, वजन ७ किलो, वय ९ वर्षं. गोचीड चावून ताप आला, प्लेटलेट खूप उतरल्या. डॉक्टरांनी एर्लिकिया (गोचिडांतून होणारा जिवाणूंचा आजार) सांगून २८ दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलंय. गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही आणि दूध-दह्यासोबतही नाही, कारण कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. नेमकी हिला लहानपणापासून दहीभाताचीच सवय! उकडलेलं चिकन हुंगून तोंड फिरवते, भाकरीत लपवलेली गोळी बरोब्बर बाजूला काढते. आज सहावा दिवस. आईच्या पायाशी नुसती पडून असते, बघवत नाही हो. अशा आजारात तुमच्या कुत्र्यांनी काय खाल्लं? गोळी कशातून दिलीत? अंगणातल्या गोचिडांचा बंदोबस्त कसा केलात, तेही सांगा.