दाजींनी गल्लीत कोयत्याचे वार बघितले, तेव्हापासून झोप नाही. काय करावं?

शेंगाचटणी:
नमस्कार मंडळी. आमचे दाजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतात. दिवाळीनंतर एकदा पहाटे घरी येताना त्यांच्या डोळ्यासमोर गल्लीतल्या एका पोरावर कोयत्याने वार झाले. पोरगं वाचलं, दाजींना खरचटलं पण नाही. पण तेव्हापासून माणूसच बदलला, दिवसा पडले की दचकून उठतात, हॉटेलात दाराकडं तोंड करूनच बसणार, कुकरची शिट्टी झाली तरी ताईवर ओरडतात, आणि आधी सणासुदीला घ्यायचे ते आता रोज क्वार्टर. छातीत धडधडतंय म्हणून ईसीजी काढला तर नॉर्मल. विचारलं की "मला काय झालंय, लागलंय त्याला" एवढंच. ताईनं दृष्ट काढून बघितली. हे मनाचं असू शकतं का, आणि यांना डॉक्टरकडं न्यायचं कसं?

रिकामटेकडा:
चालायचंच की बे, आम्ही लहानपणापासून हेच बघतोय, काय झालं आम्हाला? गाणगापूरला नेऊन आणा, होईल बरं.

जुना_मागवाला:
काय झालं ते वहिनींना विचारून बघ की एकदा. मी पण म्हणायचो आपण टणक आहोत, रस्त्यात मारामारी झाली तर गाडी बाजूला लावून निवांत बघायचो, काहीच वाटायचं नाही, आणि घरी पोराच्या हातून पेला पडला की हात उठायचा. गाणगापूरला जरूर जावा, पण डॉक्टरला पण दाखवा.

शांत_बाई:
मी मानसोपचार विभागात काम केलंय म्हणून लिहिते. मार स्वतःलाच लागायला पाहिजे असं नाही, समोर घडलेलं बघणं पण पुरतं. पहिला महिनाभर दचकणं, झोप उडणं बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू ओसरतं. महिना उलटून पण तेच चाललंय तर पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाला बसलेल्या धक्क्याचा आजार, आहे का ते तपासून घ्या, इथं वाचून मी ठरवू शकत नाही. पुरुषांच्यात हे बऱ्याचदा रडण्यातून दिसतच नाही, चिडचिड, दारू, धडधड, अंगदुखी असं बाहेर पडतं, मग घरचे म्हणतात स्वभाव बिघडला आणि रिपोर्ट येतो नॉर्मल. अमेरिकेत हिंसा जास्त असलेल्या वस्त्यांमधल्या पोरांवर बराच अभ्यास झालाय, सतत बघून बघून काहींची उदासी वरवर कमी दिसते पण आक्रमकपणा वाढतो असं त्यात आढळलंय, मागवाले दादा म्हणतात तसंच काहीसं. आणि हलक्यात घेऊ नका, गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या एनसीआरबीच्या २०२२ च्या आकड्यांत देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, दहातले सात पुरुष. कारणं वेगवेगळी असतात हे मान्य, पण न बोलणारा माणूस आणि रोजची दारू ही जोडी वाईटच.
उपचार आहेत, ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी), ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करून घेत त्या आठवणींवर काम करणारी थेरपी), लागल्या तर गोळ्या. त्या दिवशी काय झालं ते खोदून खोदून विचारू नका, आपण होऊन बोलले तर ऐका. "झोपेसाठी दाखवून येऊ" म्हणून सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत न्या, खोटं पण नाही ते. यायला तयार नसतील तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर आधी ताईंनी फोन करावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कोर्टाची_पायरी:
एक विचारू का, पोलिसांनी दाजींना साक्षीदार केलंय का?

शेंगाचटणी:
हो, जबाब घेतलाय. वार करणाऱ्यांतला एकजण जामिनावर सुटून परत कोपऱ्यावर चहाला उभा असतोय, दाजी आता लांबच्या रस्त्यानं घरी येतात.

कोर्टाची_पायरी:
मग नुसतं डोक्याचं कसं म्हणायचं, धोका खरंच उभा आहे की समोर. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ आहे, सुप्रीम कोर्टानं मान्य केलेली, जिल्ह्याच्या पातळीवर अर्ज करता येतो. कुणी धमकी दिली तर तारीख, वेळ लिहून ठेवा आणि सरकारी वकिलांना भेटा.

शांत_बाई:
हे बरं झालं कळलं, डॉक्टरांना पण सांगा, कारण खरा धोका असताना सावध राहणं हा आजार नाही, त्यातून झोप आणि घर किती बिघडलंय ते बघायचं असतं. आणि क्वार्टर एकदम बंद करायला लावू नका, रोजची सवय असेल तर अचानक सोडल्यावर हात थरथरणं, कधी फिट पण येऊ शकते, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करा. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून दारूवर तर अजिबात देऊ नका.