ग्रामसभेचं चित्रीकरण आणि बिलांचं जाहीर वाचन सक्तीचं करावं का?

शिवारवाट (धागाकर्ती)
यंदाच्या १५ ऑगस्टची गोष्ट. झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटं वाटली. शाळेच्या फाटकापाशी टेबलावर रजिस्टर होतं आणि ग्रामपंचायतीचा शिपाई येणाऱ्या-जाणाऱ्याला "हजेरी लावा" म्हणत होता. मी सही केली, सासूबाईंनी अंगठा दिला. अकराला ग्रामसभा सुरू झाली तेव्हा व्हरांड्यात मोजून सत्तावीस माणसं होती. महिन्याभराने ठरावाची नक्कल काढली, तर हजर ११८! सकाळच्या सह्याच कोरमला जोडलेल्या. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात, ती अशी भरली. ज्या गटाराच्या बिलाला मंजुरी दाखवली आहे, त्याचं नावही सभेत निघालं नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. सभेचं पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रीकरण व्हावं आणि ते त्याच दिवशी गावच्या ग्रुपवर यावं. मागच्या सभेनंतर दिलेलं प्रत्येक बिल कुणाला, कितीचं, कशाचं, हे मोठ्याने वाचून दाखवावं. पैसा गावाचा आहे.

माजी सरपंच
ताई, सह्यांचा प्रकार वाईटच, त्याची बाजू घेणार नाही. पण मी पाच वर्षं त्या खुर्चीत काढली आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. लोक मागतात सभामंडप. नाही म्हटलं की "खाल्ले" म्हणतात. त्यात कॅमेरा आला की दोन तासांच्या सभेतला वीस सेकंदांचा तुकडा फिरणार, आणि तो फिरवणारी भावकीच असणार. आमच्याकडे एका सदस्याच्या तोंडून रागात निघालेल्या एका शब्दावरून दोन घरांचं येणं-जाणं आजतागायत बंद आहे.

वाचनाचंही तेच. घरकुलाच्या यादीचं वाचन संपलं की अर्धी सभा उठते. बिलं ऐकायला कोण थांबणार? ई-ग्रामस्वराज पोर्टलवर सगळा खर्च आहे, ज्याला बघायचंय त्याने मोबाइलवर बघावा.

विरारकर
गाव रत्नागिरी जिल्ह्यात, नोकरी इकडे. घरपट्टी दरवर्षी भरतो, पण सभेला चार वेळा रजा टाकून जाणं जमत नाही. गणपतीला गेलो की तेव्हा कळतं, पाखाडीचं (पायऱ्यांच्या वाटेचं) काम "झालं". चित्रीकरण हवंच.

माजी सरपंच
तुमचं मत विरारला असेल तर ग्रामसभेचे सभासद तुम्ही नाही. कायद्याने गावच्या यादीतले मतदार म्हणजे ग्रामसभा. लांबून बघून ग्रुपवर तोफा डागणाऱ्यांमुळेच चांगली माणसं निवडणुकीपासून दूर पळतात.

विरारकर
मत गावातच ठेवलंय, साहेब. म्हणूनच विचारतो.

नळकोंडाळं
मी ग्रामपंचायत सदस्य आहे, दुसरी टर्म. वाचनाला माझा पूर्ण पाठिंबा, कॅमेऱ्याला नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती बरीच वर्षं कागदावरच होती. दोन वर्षांपूर्वी खरी घेतली. दारूच्या अड्ड्याचा विषय निघाला तेव्हा मागे बसलेली एक बाई उठली, पदर तोंडाशी धरून बोलली आणि नवऱ्याचं नाव घेऊन बोलली. समोर कॅमेरा असता तर ती उठली असती का? शूटिंग घरी नवऱ्याच्या मोबाइलवर पोचलं असतं, त्याचं काय?

आणि बाईच्या जागी नवराच सरपंचकी करतो तिथे कॅमेरा त्यालाच दिसेल, बाई तशीच कोपऱ्यात.

वनहक्क
गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. तिथे बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरतं. अभ्यासगटात आधी विषय चघळतात, मग सभेत येतो. २००९ मध्ये गावाला जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला तो याच सवयीवर. पैसा कुठे गेला हे तिथे माणसांना माहीत असतं, कारण तो कुठे जावा हे त्यांनीच ठरवलेलं असतं. कॅमेरा पाहून ही सवय लागत नाही.

शिवारवाट
मेंढ्याबद्दल आदर आहे, पण तेवढं लहान, एका जिवाचं गाव सगळ्यांच्या नशिबी नसतं. आमच्याकडे तीन वाड्या, दोन गट.

पोर्टलचं सांगते. मी बघितलं. तिथे "बंदिस्त गटार" आणि रक्कम दिसते. कुठून कुठपर्यंत, ते नाही. नकलेत लांबी १२० मीटर लिहिली होती. सासऱ्यांची टेप घेऊन मी आणि पुतण्याने गटार मोजलं. देवळाच्या पारापासून शेवटच्या ढाप्यापर्यंत ७४ मीटर भरलं, पुढे माती. सभेत "१२० मीटर" एवढं मोठ्याने वाचलं असतं तर पारावर रोज बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी तिथेच अडवलं असतं. वाचनाचा उपयोग हाच आहे, दादा. ऐकणारे दहा असले तरी त्या दहांना गटार कुठे संपतं ते ठाऊक असतं.

नळकोंडाळं, तुमचं पटलं. महिला सभेत कॅमेरा नको. हा विचार मी केलाच नव्हता.

माजी सरपंच
मोजमापात एवढा फरक असेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. पण कागद पक्का ठेवा. नुसत्या संशयावर माणूस बदनाम होतो, आणि नंतर खोटं ठरलं तरी डाग जात नाही.

शिवारवाट
दिलं आहे, पोच घेतली आहे.

२ ऑक्टोबरच्या सभेला मी रजिस्टरपाशीच उभी राहिले. सभा सुरू होताना शेवटच्या सहीखाली लाल रेघ मारायला लावली. एकतीस सह्या. कोरम नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही हे मला माहीत आहे, तरी तिथे बिलं वाचायची मागणी मी लेखी दिली आहे. रविवारी सभा आहे. मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती) नक्कल माहिती अधिकारात कुणी मागितली असेल तर अर्जातला मजकूर इथे टाका.